चपला घालून म्हटलेलं गाऱ्हाणं

मी गाव सोडलं त्या सकाळी फाट्यावर सात माणसं एसटीची वाट बघत उभी होती, आणि त्यातल्या एकानंही मला "काय गो, कुठं चाललीस?" असं विचारलं नाही. हे किती भयंकर आहे ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडे माणूस तांब्या घेऊन परसाकडे निघाला तरी त्याला कुठं चाललास म्हणून विचारतात. मी तर दोन बॅगा घेऊन उभी होते, शेजारी माझे वडील, आणि सातही जणांना एकदम समोरच्या आंब्याच्या कलमात काहीतरी फार महत्त्वाचं दिसायला लागलं होतं.

वडिलांना मी आबा म्हणते. आबांनी बॅगा एसटीत चढवून दिल्या, खाली उतरले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचलीस की फोन कर." एवढंच. गाडी सुटली तेव्हा मी मागं वळून बघितलं. ते फाट्यावर एकटे उभे होते, कारण बाकीचे सातही जण माझ्याच गाडीत चढले होते. रत्नागिरीच्या स्टँडपर्यंत पाऊण तास आम्ही एका गाडीत होतो आणि कुणी कुणाशी बोललं नाही.

हे मी गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय आणि माझ्यासारखे निघून आलेत त्यांच्यासाठीही. आपल्या गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर मात्र टाकणार नाही. त्या ग्रुपवर काही पडलं की काय होतं ते मी एकदा बघितलंय, आणि पुरे झालं मला ते.

परक्या कुणी वाचलं तर कळावं म्हणून आधी गाऱ्हाण्याचं सांगते. शिमग्याला आमच्या ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघून सहाणेवर, म्हणजे गावाच्या मधल्या चौथऱ्यावर, येऊन बसते. मग गावातला एक मानकरी हातात नारळ घेऊन, अनवाणी, देवाकडे तोंड आणि माणसांकडे पाठ करून गावाच्या वतीनं देवाशी बोलतो. ते गाऱ्हाणं. पावसासाठी मागायचं, भातासाठी, गुरांसाठी, पोटुशी बाईसाठी, होडीवर गेलेल्यासाठी. एकेक मागणं झालं की मागचे पुरुष ओरडतात, "व्हय म्हाराजा!" आणि शेवटाकडे एक मागणं यायचं ते पोटासाठी बाहेर गेलेल्यांसाठी. त्यांना देवानं सांभाळावं आणि परत गावच्या वाटेला लावावं, असा त्याचा अर्थ. आमच्या गावातली निम्मी घरं मुंबईच्या पैशावर उभी आहेत, त्यामुळे त्या मागण्याला "व्हय म्हाराजा" सगळ्यात मोठं यायचं. बायका लांब, वडाच्या पारापाशी उभ्या. आम्हाला शब्द ऐकू यायचेच नाहीत, फक्त "व्हय म्हाराजा" ऐकू यायचं.

हा मान आमच्या घराण्याचा. आबांना त्यांच्या वडिलांनी तोंडी शिकवला. कागदावर काही नाही, लिहायचंच नसतं ते. आणि आबांना मी एकटी मुलगी.

आता केंद्राचं सांगते. मी रत्नागिरीला कॉलेजात असताना मिऱ्या बंदराच्या बाजूला एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात एक कलाकेंद्र सुरू झालं होतं. भिंतीला मासळीचा वास, वर गळका पत्रा, आणि आत आम्ही पंधरा-वीस जण जमिनीवर लोळून 'आ' लावतोय. अभिनयाचं प्रशिक्षण मिळायचं, आणि प्रत्येक बॅचनं वर्षाच्या शेवटी स्वतःची पहिली फिल्म करायची. ज्यानं कधी कॅमेरा हातात धरला नाही त्यानंच धरायचा, असा तिथला नियम होता. चालवणारे एकच सर, पुण्याचे. ते मला म्हणायचे, तुझ्या बोलण्यातला हेल जाऊ देऊ नकोस. शाळेत त्याच हेलावरून बाईंनी मला बाकावर उभं केलं होतं! मी त्या माणसासाठी काय वाटेल ते केलं असतं. खोटं कशाला बोलू, त्या गळक्या शेडमध्ये मी जितकी सुखात होते तितकी पुढं कधीच झाले नाही. घरचं काम आटपून नऊची एसटी धरायची, दिवसभर तिथं राबायचं आणि संध्याकाळच्या गाडीत खिडकीशी बसून स्वतःशीच संवाद म्हणत घरी यायचं. कंडक्टर मला वेडी समजायचा.

आमच्या बॅचच्या फिल्मची गोष्ट मी लिहिली. एक म्हातारा असतो, गाऱ्हाणं घालणारा. त्याची बायको मरते आणि मुंबईचा मुलगा तेराव्यालासुद्धा येत नाही. पुढच्या शिमग्याला म्हातारा सहाणेवर उभा राहतो. म्हातारा कोण करणार? मला दुसरं कोण सुचणार!

आबा आधी हसले. मग दोन दिवसांनी भाताला पाणी लावून आले आणि हात पुसत म्हणाले, "माज्या मागं ता कोन म्हननार हाय? तुज्या फिलमीत तरी ऱ्हाईल." मला आता वाटतं, बाईमाणसाला जे देता येत नव्हतं ते ते मला या आडवाटेनं देत होते. तेव्हा मला एवढंच कळलं की माझा हिरो मिळाला.

पण सरांनी गोष्ट वाचली आणि म्हणाले, यात कॉन्फ्लिक्ट कुठंय? म्हातारा चिडलेला आहे ना, मग त्यानं शेवटी उलटं मागायला हवं. बरोबरच होतं त्यांचं. मला अजूनही, फिल्म म्हणून, ते बरोबरच वाटतं. बाहेर गेलेल्यांचं जे मागणं होतं त्याच्या जागी मी माझं वाक्य घातलं: "जो गाव सोडून ग्येला, त्याची वाट परत हिकडं वळू नये, म्हाराजा."

आबांनी ते वाचून घेतलं आणि कागद माझ्या हातात परत दिला. "बाय गो, देवाम्होरं असा बोलायचा नसता."

मी रडले, भांडले. खोटा देव आहे, बांबूची पालखी आहे, शेडमध्ये आहे, तुम्हाला नाटक आणि खरं यातला फरक कळत नाही का, असं सगळं बोलले. शेवटी त्यांनीच तोड काढली. म्हणाले, "चपला काडून बोल्ला तर ता गाऱ्हाना. चपला घालून बोल्ला तर नाटक. मी चपला घालून बोलीन."

आणि तसेच उभे राहिले. निळ्या रबरी चपला, अंगठ्याशी झिजलेल्या. पहिला शॉट लांबून घेतला, त्यात डोक्यापासून पायापर्यंत सगळे आबा. सरांनी बघितला आणि म्हणाले, पायात स्लीपर दिसतायत, देवासमोर कोण स्लीपर घालून उभा राहील? मी आबांना चपला काढायला सांगायला गेले. त्यांनी चपलांसकट पाय आणखी घट्ट रोवले. मग सरांनीच कॅमेरा वर घेतला आणि पुढचे तिन्ही टेक कमरेच्या वरचे झाले. तिन्ही वेळा आबांनी सगळं गाऱ्हाणं म्हटलं, पावसापासून शेवटपर्यंत, एक शब्द इकडचा तिकडे न होता, आणि शेवटी माझं वाक्य. तिसऱ्या टेकला तर शेडमध्ये सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

शॉटची नोंद ठेवायचं काम माझं होतं. लांबच्या शॉटसमोर मी 'एनजी' लिहिलं, म्हणजे बाद. केंद्राकडे कॅमेऱ्याची मेमरी कार्डं दोनच होती, बाद शॉट ठेवून कार्ड अडवायचं नाही असा आमचा शिरस्ता. घरी जायच्या आधी मी तो पुसून टाकला. माझ्याच हातानं.

शिमगा पंधरा दिवसांवर असताना सर म्हणाले, तीस सेकंदांचा टीझर टाकू, सगळ्यात जोरकस तुकडा घे. तुम्हीच सांगा, मी कुठला तुकडा घेतला असेन. टाकला, आणि कौतुकानं आमच्या वाडीच्या ग्रुपवर पाठवला. तिथून तो तासाभरात मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर गेला. खाली फिल्मचं नाव होतं, केंद्राचं नाव होतं, पण कोण वाचतंय! लोकांनी बघितलं ते एवढंच: आपला मानकरी, हातात नारळ, डोळे मिटलेले, आणि तोंडातून चाकरमान्यांना शाप. जो माणूस वर्षानुवर्षं आपल्याला देवाकडून परत मागून घेत होता तोच आता म्हणतोय की येऊ नका. काहींनी शिव्या घातल्या, काहींनी हसण्यावारी नेलं. खालच्या वाडीतला विलासदादा मुंबईत टेम्पो चालवायचा, त्यानं मला लिहिलं होतं, "आबांनी आमाला हाकलला काय गो? थांब, येतोच भांडायला." पुढं चार हसरे चेहरे.

तो शिमग्यासाठी येताना घाटात गेला. गाडी पलटी झाली. बाकीचे खरचटून वाचले, विलासदादा जागच्या जागी गेला.

पालखी त्या वर्षी सुतकानंतर निघाली, पण त्याआधी देवळात गावकी बसली. बायका बैठकीत नसतात. मी बाहेर पायऱ्यांशी उभी होते, दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. मुंबईहून आलेले मंडळाचे सेक्रेटरी नाना बोलत होते. आरडाओरडा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. नाना शांतपणे म्हणाले की आबांचं वय झालं, मान आता त्यांच्या चुलतभावाकडे, भाऊकाकांकडे जावा. आबा म्हणाले, "ता गाऱ्हाना नव्हता. माज्या पायात चपला होत्या."

कुणीतरी मागून म्हणालं, "मंग दाखवा चपला."

आबांनी वळून दाराकडं बघितलं. माझ्याकडं. त्यांना वाटलं असणार, पोरीकडे सगळं असतं, ती नोंद ठेवते. मला आत जाऊन बोलता आलं असतं. शॉट नव्हता, पण मी होते ना! मी डोळ्यांनी बघितलं होतं. बाईमाणूस म्हणून हाकललं असतं तर हाकललं असतं. मी मान खाली घातली. का घातली? भीती वाटली म्हणून, शॉट मी पुसला हे सांगायची लाज वाटली म्हणून, आणि आतल्या आत मलाही वाटत होतं म्हणून, की माझ्या वाक्यानंच विलासदादाला खाल्लं. माझी खाली गेलेली मान बघून बैठकीला जे समजायचं ते समजलं.

आबा त्या दिवशी घरी येऊन जेवले आणि गुरांना वैरण घालायला गेले. फिल्म पूर्ण झाली, दोन ठिकाणी दाखवली, एका ठिकाणी बक्षीसही मिळालं, आणि त्याच महिन्यात मी फाट्यावर उभी राहिले.

आता मी नालासोपाऱ्याला राहते, एका खोलीत तिघी. अभिनयाचं दोन वर्षं केलं. माझ्या हेलाला इथं एकच काम आहे, मोलकरणीचं, आणि तेही हसवण्यापुरतं. 'ताई, जरा अजून गावठी करा ना.' केलं मी तेही. मग एका मालिकेत कंटिन्युइटीला लागले. आदल्या शॉटमध्ये सासूच्या कुठल्या हातात पेला होता, सुनेच्या कानात कुठले झुमके होते, हे फोटो काढून लिहून ठेवायचं आणि चुकलं तर डायरेक्टरच्या शिव्या खायच्या. बारा तासांची शिफ्ट, पॅकअप, ट्रेन, झोप, परत कॉल टाइम. माझं काम सगळे वाखाणतात. मी एकही शॉट पुसू देत नाही म्हणून एडिटर मात्र वैतागतात.

केंद्र बंद पडलं. सर पुण्याला परत गेले, त्यांचा आता फोनही लागत नाही. बर्फाच्या कारखान्याच्या जागी कुणीतरी आंब्याचे खोके ठेवतो म्हणे. आमच्या बॅचमधला एक जण जयगडला पोर्टवर लागला, एकीचं लग्न होऊन ती दापोलीला गेली, बाकीच्यांचं मला ठाऊक नाही. आम्ही सगळे आयुष्य बदलायला निघालो होतो.

मला वाटायचं, आबांशी एकदा नीट बोलायचं. दर फोनला वाटायचं. "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "व्हय." आणि मग ते फोन आईकडे द्यायचे. एका पावसाळ्यात आईचा फोन आला की आबा खळ्यात पडले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण शब्द येणार नाहीत. झालं. माझं बोलायचं राहिलं ते राहिलंच.

मग गेल्या शिमग्याआधी नानांचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिला. भाऊकाका गाऱ्हाणं घालत होते, पण त्यांना पुरतं येत नव्हतं. चार मागणी झाली की नारळ फोडून मोकळे. आता लोकांना त्यात काही राम वाटेना. नाना म्हणाले, "बाय, तुज्या त्या फिलमीत आबांचा सगळा गाऱ्हाना हाय ना? धाडून दे. भाऊ पाठ करील." गावच्या शिमग्याचे मोबाइलवर काढलेले व्हिडिओ ढीगभर आहेत, पण सगळ्यांत ढोल आणि "व्हय म्हाराजा". आबा देवाकडे तोंड करून हळू बोलायचे. त्यांचा आवाज स्वच्छ असा फक्त माझ्या तीन टेकमध्ये आहे.

माझं डोकं असं फिरलं! ज्याच्यासाठी त्यांचा मान काढलात तेच आता पाठ करायला पाहिजे? चुकलं असं एका शब्दानं कबूल करायचं नाही, आणि "धाडून दे". मी फोन ठेवला. पण रजा टाकली आणि गेलेही.

आबा ओटीवर खाटेवर होते. मी फोन त्यांच्याजवळ धरला आणि तिसरा टेक लावला. स्वतःचा आवाज ऐकून त्यांचे डोळे भरले. पाऊस, भात, गुरं, पोटुशी बाई, होडी. ओठ थोडे हलत होते, मला वाटलं, देवा, येतंय बहुतेक. मी वाकून बसले. बाहेर गेलेल्यांचं ते खरं मागणं तेवढं मला हवं होतं, कारण माझ्या तिन्ही टेकमध्ये तेवढंच नाही. त्या जागी माझं वाक्य आहे. आणि ते वाक्य आलं तसा आबांनी डावा हात उचलला आणि पंजा फोनवर दाबून धरला. आवाज बंद होईपर्यंत हात काढला नाही. मी विचारलं, "आबा, खरं काय होतं? नुसतं पहिलं अक्षर तरी." तोंडातून घशातला एक आवाज आला, पुन्हा आला, आणि मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

आईला विचारलं. आई म्हणाली, "मी काय सांगू गो? आमी पाराकडं. आमाला कदी आयकाला आला?" भाऊकाकांना विचारलं, त्यांना अर्थ माहीत होता, शब्द नाहीत. मला स्वतःला आठवायला हवं होतं. आबांनी मला ते एकदा म्हणून दाखवलं होतं, फिल्मच्या आधी, भांडणाच्या आदल्या दिवशी. माझं लक्ष माझ्या वाक्याकडे होतं.

मी काही लिहून देऊ शकले असते. मालिकांमध्ये राहून असली वाक्यं मी चुटकीसरशी लिहिते. पण एकदा त्यांच्या तोंडात माझं वाक्य घातलं तेवढं पुरे झालं. मी माझं वाक्य कापलं आणि उरलेलं भाऊकाकांना दिलं. शेवटाकडे बाहेर गेलेल्यांचं मागणं राहिलंय, असं सांगितलं. ते म्हणाले, "होईल, होईल."

शिमग्याला मी पाराकडे बायकांत उभी होते. आता स्पीकर लावतात, त्यामुळे पहिल्यांदाच शब्द ऐकू आले. भाऊकाकांनी छान म्हटलं. आबांचेच शब्द, आबांच्याच जागा. लोक खूश झाले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. होडीवर गेलेल्यांचं झालं आणि भाऊकाका थेट शेवटच्या नमस्कारावर आले, आणि साऱ्या चाकरमान्यांनी, नानांनीसुद्धा, हात वर करून केवढ्यानं तरी म्हटलं, "व्हय म्हाराजा!" काही राहिलं असं कुणाला वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या फणस-काजू भरून मुंबईला निघाल्या. त्यांच्यासाठी काही मागितलेलं नाही हे त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

मला माहीत होतं, आणि ओटीवर पडल्या पडल्या स्पीकर ऐकणाऱ्या आबांना माहीत होतं.

मला इथं सेटवर कुणी विचारतं, घर कुठं तुझं? मी सांगते, रत्नागिरी. खरं तर माणसाला जिथून कुणीतरी परत मागतं ते घर. मला परत मागणारा माणूस अजून आहे, रोज ओटीवर असतो, पण ते मागायचे शब्द मीच त्याच्याकडून काढून घेतले आणि आता ते कुणाकडेच नाहीत. मी जाते, येते. कुणी अडवत नाही.